घरचे फोटो आणि कागदपत्रं क्लाउडवर ठेवावीत का?

मृदुला_क
मंडळी, आमच्या घरात सध्या एका विषयावर दोन तट पडलेत. बाबांनी (वय ७४) निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणून घरातला कागदन् कागद स्कॅन करायला घेतलाय. फ्लॅटचं खरेदीखत, इंडेक्स टू, गावच्या जमिनीचे जुने सातबारे आणि फेरफार, विम्याच्या पॉलिसी, पणजोबांची मोडीतली पत्रं आणि कारण नसताना माझी प्रगतिपुस्तकंही. शिवाय लग्नामुंजींचे फोटो आणि आईने तिच्या आत्याकडून रेकॉर्ड करून घेतलेल्या ओव्या. सगळं मिळून सहाशेएक जीबी.
भाऊ म्हणतो, क्लाउडचा मोठा प्लॅन घ्या आणि मोकळे व्हा. बाबा म्हणतात, ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही त्याच्याकडे घराचे कागद ठेवणार नाही. मला दोघांचंही पटतं, त्यामुळे दोघेही माझ्यावर चिडलेत.
तुम्ही काय करता? आणि घरातल्या ज्येष्ठांना जमेल असंच सांगा.

टग्या_डोंबिवलीकर
माझ्या फुकटच्या १५ जीबीत निम्मी जागा सुप्रभात आणि 'पाणी दिलं का तुळशीला' छापाच्या फोटोंनी खाल्लीय. कोणी चोरून नेले तर मी त्याचा सत्कार करीन.

खटपट्या
मृदुलाताई, 'विश्वास ठेवावा का' या एका प्रश्नात तीन-चार वेगळे प्रश्न आहेत, ते आधी सोडवून घेऊ.
फाइल खराब होईल का? मोठ्या कंपन्या एकाच फाइलच्या प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात. त्यामुळे निव्वळ डिस्क बिघडून फाइल जाण्याची शक्यता तुमच्या कपाटातल्या हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी कमी. इथे बाबा हरले.
कोणी चोरेल का? २०१४ साली हॉलिवूडच्या नट्यांचे आयक्लाउडवरचे खाजगी फोटो बाहेर आले. त्या प्रकरणात शिक्षा झालेल्यांनी ॲपलची भिंत फोडली नव्हती. खोट्या ईमेल पाठवून त्या बायकांकडूनच पासवर्ड काढून घेतले होते. ड्रॉपबॉक्समधून २०१२ मध्ये ६ कोटी ८० लाखांच्या वर खात्यांचे ईमेल आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड चोरीला गेले. त्याचा खरा आवाका कळायला २०१६ उजाडलं. तिथेही सुरुवात झाली ती एका कर्मचाऱ्याने दुसरीकडे वापरलेलाच पासवर्ड इथेही वापरल्यामुळे. म्हणजे चोर बहुतेक वेळा दारातूनच येतो. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवा.
कंपनी स्वतः बघू शकते का? साध्या गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर, हो. फाइल कुलूपबंद असते, पण किल्ली कंपनीकडे. इथे बाबा जिंकले.
राहिला शेवटचा, तुम्हाला तुमची वस्तू हवी तेव्हा परत मिळेल का. लोक याचाच विचार सगळ्यात कमी करतात.

वाशिष्ठीकाठ
आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला पाणी तळमजल्याच्या छतापर्यंत गेलं. अल्बम, दप्तर, कॉम्प्युटर, आणि ज्या हार्ड डिस्कवर 'सगळं नीट ठेवलंय' असं आमचे थोरले बंधू अभिमानाने सांगायचे ती हार्ड डिस्कसुद्धा. अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. ते वेगळे करायला गेलं की चेहरेच निघून यायचे.
आज आमच्याकडे जे जुने फोटो आहेत ते पुतणीने हौसेने मोबाइलवर काढून क्लाउडवर चढवलेले. तेवढेच.
तुमच्या बाबांना सांगा, त्या कंपनीचं तोंड आम्हीही पाहिलेलं नाही. नदीचं मात्र रोज पाहत होतो.

नीलमोहर
@वाशिष्ठीकाठ, वाचून कसंतरी झालं. सांगलीत २०१९ ला माझ्या मावशीकडेही हेच. कागद वाळत घातलेली ती गच्ची विसरता येत नाही.

चौकस
मी बाबांच्या बाजूने. क्लाउडवाले आज आहेत, उद्याचं कोणी सांगितलंय? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. पिकासा २०१६ मध्ये गुंडाळलं. गुगल प्लस एप्रिल २०१९. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२०. आमच्या ट्रेकिंगच्या गटाच्या पहिल्या सगळ्या मोहिमांची टिपणं त्या याहू ग्रुपवर होती. मायस्पेसने तर २०१९ मध्ये सांगितलं, सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेले फोटो, व्हिडिओ, गाणी गेली, माफ करा. सुमारे ५ कोटी गाणी होती म्हणे. काय करणार, कोणाची कॉलर धरणार?
आणि फुकट म्हणून आत बोलवायचं, मग दार लावायचं, हा धंद्याचा जुना प्रकार. गुगल फोटोजवर अमर्याद फुकट जागा होती ती १ जून २०२१ पासून बंद. फ्लिकरने पूर्वी एक टीबी फुकट दिला आणि २०१८ मध्ये सांगितलं, आता फुकटात १००० फोटो.

सोनचाफा
चौकसराव, यादीतल्या बहुतेकांनी आधी सूचना दिली होती, सामान हलवायला वेळही दिला होता. ऑर्कुटवरचं तुम्ही तरी उतरवून घेतलंत का? :)
मायस्पेसचं मान्य, तो निव्वळ हलगर्जीपणा. पण त्यातून निघतं ते एवढंच की एका जागी एकच प्रत ठेवू नये. ते तुमच्या कपाटालाही लागू.

चौकस
ऑर्कुटवर उतरवून घेण्यासारखं काही नव्हतं. सगळे 'फ्रँडशिप करोगी' लिहीत होते.

टग्या_डोंबिवलीकर
मी लिहीत नव्हतो. (लिहीत होतो.)

अटलांटिकपार
खटपट्या यांच्या शेवटच्या मुद्द्यावर आमचा अनुभव. मी न्यू जर्सीत, आईबाबा पुण्यात. बाबा टापटिपीचे. सगळे कागद एका क्लाउड खात्यात, फोल्डरांना क्रमांक, वर अनुक्रमणिकेची फाइल. आम्ही निर्धास्त. बाबा अचानक गेले. पासवर्ड आईला माहीत होता, डायरीत लिहिलेला होता. पण नव्या फोनवरून लॉगिन करायला गेलं की ओटीपी बाबांच्या नंबरवर. आणि तो नंबर चुलत्यांनी बिचाऱ्यांनी चांगल्या मनाने, बिल कशाला भरत बसायचं म्हणून, सोडून दिलेला. आपल्याकडे बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. आम्ही फोन लावला तेव्हा नाशिकच्या कोणी गृहस्थांनी उचलला.
कंपनीशी पत्रव्यवहार केला. मृत्यूचा दाखला, नातं सिद्ध करणारे कागद, त्यांचं नोटरीकरण, भाषांतर. उत्तरं अत्यंत सभ्य. खातं मात्र अजून उघडलेलं नाही. फायली तिथे सुखरूप आहेत याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

नीलमोहर
बाप रे. आजच आईचा नंबर कोणाच्या नावावर आहे ते बघते.

वकीलबुवा
हाच माझ्या कामाचा भाग म्हणून थोडं लांबण लावतो.
लोक क्लाउडला बँकेच्या लॉकरसारखं समजतात. तर लॉकरचंच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ जानेवारी २०२२ पासून आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यामुळे लॉकरमधलं गेलं, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट एवढी. नॉमिनी लावता येतो. क्लाउडचा करारनामा कधी वाचलात का? बहुतेक ठिकाणी जबाबदारी तुम्ही भरलेल्या वर्गणीच्या आसपास येऊन थांबते. फुकट खातं असेल तर बोलायलाच नको. आणि नॉमिनीचा रकाना खातं उघडताना कोणी पुढे करत नाही, तो आपण शोधून भरावा लागतो.
पण तो आहे, हे सांगायला हा प्रपंच. गुगलमध्ये निष्क्रिय खात्याची सोय २०१३ पासून आहे. ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं वापरलं गेलं नाही तर कोणाला कळवायचं, कोणाला काय उतरवून घेऊ द्यायचं हे आधीच ठरवता येतं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये अशीच वारस-संपर्काची सोय आणली. त्यात एक किल्लीचा कोड मिळतो, तो छापून घरच्यांकडे द्या. पुढे तो कोड आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतात, आणि प्रवेश मिळतो तो तीन वर्षांपुरता. मग खातं कायमचं पुसलं जातं. साठवलेले पासवर्ड वारसाला मिळत नाहीत.
आणखी एक. दोन वर्षं कोणी न वापरलेली वैयक्तिक खाती पुसायला गुगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे. अटलांटिकपार, तुमचं खातं कुठलं ते सांगू नका, पण त्या कंपनीचा असा काही नियम आहे का तेवढा आज पाहा.

अटलांटिकपार
पाहिला. धन्यवाद वकीलसाहेब. घाई करायला हवी.

सोनचाफा
जिवंतपणीही खातं जाऊ शकतं बरं का. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापलेली बातमी आठवते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने आजारी बाळाचा फोटो डॉक्टरांना दाखवायला काढला. तो आपोआप गुगलवर चढला, यंत्राने तो बालशोषणाचा ठरवला आणि खातं बंद. पोलिसांनी चौकशी करून निर्दोष म्हटलं, तरी खातं परत मिळालं नाही. ईमेल, फोन नंबर, मुलाच्या पहिल्या वर्षाचे फोटो, सगळं एकाच खात्यावर होतं.
म्हणून मी ईमेल एका कंपनीकडे आणि फोटो दुसरीकडे ठेवते. नवरा हसतो.

पिंपळपान
थोडं अवांतर. मृदुला, मोडी पत्रं आणि ओव्यांबद्दल वाचून राहवलं नाही. पत्रं मोबाइलच्या स्कॅनर ॲपने काढू नका. ती ॲप कागदाचा रंग पांढराधोप करून पुसट शाई घालवतात. सपाट स्कॅनरवर, रंगीत, निदान ३०० डीपीआय. मागची बाजूही, कोरी असली तरी, कारण कधीकधी तिथे पोच लिहिलेली असते. आणि ओव्यांची मूळ फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवत बसू नका, आवाज दाबला जाऊ शकतो.
हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या काही 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. आत्याबाईंच्या ओव्या कोणत्या भागातल्या?

मृदुला_क
माण तालुक्यातल्या. एक पंढरीच्या वाटेची आहे, ती आई ऐकवते तेव्हा बाबासुद्धा गप्प बसतात, आणि ही आमच्याकडे मोठी गोष्ट आहे.

चौकस
परत धाग्यावर येतो. घरीच छोटा सर्व्हर ठेवा ना. दोन डिस्कची पेटी, एकीत जे जातं ते आपोआप दुसरीत. कोणाची वर्गणी नको, कोणाचे नियम नकोत. मी ठेवलाय, उत्तम चाललाय.

खटपट्या
चौकसशेठ, तुम्हाला जमतं म्हणून ७४ वर्षांच्या काकांनी पेटी सांभाळायची? महावितरणची कृपा झाली की यूपीएस, धूळ, अपडेट, आणि राउटर बदलला की सगळं पुन्हा. शिवाय दोन्ही डिस्क एकाच पेटीत, पेटी एकाच घरात. चुकून फाइल पुसलीत तर दुसरीतूनही त्याच क्षणी पुसली जाते. डिस्क जळाली तर ती पेटी वाचवते. वाशिष्ठी आली तर नाही.

चौकस
आणि तुमच्या क्लाउडवाल्यांच्या इमारती जळत नाहीत? फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीची आख्खी इमारत १० मार्च २०२१ ला खाक झाली. दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी नोकरांच्या कामाच्या फायलींचा ८५८ टीबीचा साठा गेला. बॅकअप का नव्हता, तर म्हणे साठा फार मोठा होता. सरकारी क्लाउड हो!

खटपट्या
ही दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत की! त्यांचंही सगळं एकाच ठिकाणी होतं. ओव्हीएचच्या गिऱ्हाइकांत ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली होती ते काही दिवसांत उभे राहिले. ऑस्ट्रेलियात युनिसुपर नावाचा पेन्शन फंड आहे, सहा लाखांवर सभासद. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडच्याच चुकीने त्यांचं आख्खं खातं पुसलं गेलं, दोन वेगळ्या ठिकाणच्या प्रतींसकट. ते वाचले कशाने, तर दुसऱ्या कंपनीकडे वेगळा बॅकअप होता म्हणून.

चौकस
म्हणजे क्लाउडच्या भरवशावर क्लाउडवाल्यानेही राहू नये. मी तेच म्हणतोय पहिल्यापासून.

खटपट्या
आणि घरच्या पेटीच्याही. मी ते म्हणतोय पहिल्यापासून.

टग्या_डोंबिवलीकर
तुम्ही दोघं एकच म्हणताय आणि भांडताय. लग्न करून टाका.

नीलमोहर
मला एक सांगा, फोनमधले फोटो क्लाउडवर जातात म्हणजे बॅकअपच झाला ना? मग फोनमधून पुसले तर?

सोनचाफा
नीलमोहर, इथेच लोक फसतात. आयक्लाउडचे फोटो चालू असतील तर फोनवरून पुसलेला फोटो क्लाउडवरून आणि आयपॅडवरूनही जातो. गुगल फोटोजमध्येही साधं डिलीट केलं की दोन्हीकडून जातो. फोनवरची जागा मोकळी करण्याचा पर्याय वेगळा आहे, तो वापरायचा. कचरापेटीत काही आठवडे राहतो, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक. दोन्हीकडे सारखं ठेवणं हे त्याचं काम, आणि ते काम तो चुका धरून प्रामाणिकपणे करतो. म्हणून क्लाउडव्यतिरिक्त एक सुटी प्रत हवीच.

पिंपळपान
आणि ती सुटी प्रत पेनड्राइव्हवर नको. वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये पडून राहायला ते बनवलेले नसतात. घरी जाळलेल्या जुन्या सीडीही एकदा लावून बघा, बऱ्याच आता वाचल्या जात नाहीत.

वकीलबुवा
कागदांबद्दल एक खुलासा. डिजिलॉकरमध्ये ज्या संस्थेने स्वतः दिलेला दस्त आहे, म्हणजे वाहन परवाना, गुणपत्रिका वगैरे, तो नियमाने मूळ कागदाच्या बरोबरीचा. तुम्ही स्वतः स्कॅन करून त्यात चढवलेला कागद तसा नाही. सातबारा डिजिटल सहीचा हवा तेव्हा सरकारच्या महाभूमी (डिजिटल सातबारा) संकेतस्थळावरून नव्याने काढता येतो, त्याचं स्कॅन जपत बसायची गरज नाही. जुने फेरफार आणि हस्तलिखित उतारे मात्र जपा. खरेदीखताची स्कॅन प्रत सोयीसाठी, मूळ प्रत लॉकरात. ती लॅमिनेट करू नका. दर महिन्याला कोणीतरी लॅमिनेट केलेलं खत घेऊन येतं आणि मी कपाळाला हात लावतो.

मृदुला_क
वकीलसाहेब... आमचं खत लॅमिनेट केलेलं आहे. बाबांनीच. त्यांना हा प्रतिसाद दाखवत नाही.
किल्ली कंपनीकडे असते हे ऐकून बाबांचा चेहरा उजळला. खटपट्या, किल्ली आपल्याकडे राहील असं काही आहे का?

खटपट्या
आहे. प्रोटॉन ड्राइव्ह किंवा मेगासारख्या सेवांत फाइल तुमच्याच यंत्रावर कुलूपबंद होऊन वर जाते. ॲपलनेही डिसेंबर २०२२ पासून तसा वाढीव पर्याय दिलाय, तो आपण होऊन चालू करावा लागतो. (ब्रिटनमध्ये सरकारशी वाजल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या लोकांसाठी काढून घेतला, हेही सांगून ठेवतो.) किंवा नेहमीचाच क्लाउड ठेवा आणि क्रिप्टोमेटर हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्याने एक कुलूपबंद फोल्डर तयार होतो, क्लाउडवाल्याला आत नुसता गिचमिड कचरा दिसतो.
पण मग पासवर्ड विसरलात तर कंपनीलाही उघडता येत नाही. म्हणून सगळं कुलपात घालू नका. आधार, पॅन, बँकेचे कागद, मृत्युपत्र एवढंच कुलपात. आत्याबाईंच्या ओव्या कोणी चोरून ऐकल्या तर बिघडलं काय?

पिंपळपान
उलट चोरून ऐकाव्यात लोकांनी!

वाशिष्ठीकाठ
आता आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. क्लाउड आहे, पैसे भरून. शिवाय दोन हार्ड डिस्क. एक आमच्याकडे, वरच्या मजल्यावर. दुसरी लेकीकडे पुण्याला. गणपतीला ती येते तेव्हा तिची डिस्क आणते, आमची घेऊन जाते. दोन वेगळी साधनं आणि एक प्रत गावाबाहेर, हा फोटोवाल्यांचा जुनाच नियम आहे म्हणतात. आम्हाला तो गणपतीमुळे पाळता येतो, एरवी आळस होतो.

चौकस
हे बाकी आवडलं. आरतीआधी डिस्क जोडून चार फाइल उघडून बघत जा, कॉपी झाली म्हणजे उघडतेच असं नाही.

मृदुला_क
वाशिष्ठीकाठ दादांचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "दोन डिस्क मागव." थोड्या वेळाने, "आणि ते क्लाउड का काय ते, फोटोंपुरतं करा. घराचे कागद नाही." भाऊ म्हणतो कुलपातलं फोल्डर करून कागदही घालूया, ती लढाई दिवाळीपर्यंत चालेल. खातं आईच्या नावाने काढतोय, तिचा नंबर माझ्या नावावर नसून तिच्याच नावावर आहे याची खात्री केली, आणि निष्क्रिय खात्याच्या सोयीत आम्हा दोघा भावंडांची नावं घातली. ते करताना आई म्हणाली, "म्हणजे मी मेले की गुगल तुम्हाला कळवणार? तुम्हाला आधी कळणार नाही का?"

टग्या_डोंबिवलीकर
काकूंना साष्टांग नमस्कार.

अटलांटिकपार
मृदुला, त्या दोन नावांपैकी एखाद्याचा ईमेल बदलला तर तिथेही बदलायचं लक्षात ठेवा. आणि त्या खात्याचे राखीव कोड छापून ठेवा, ते नंबरशिवाय चालतात. आमच्याकडे तेवढे असते तरी पुरलं असतं.

नीलमोहर
६०० जीबी चढवायला किती वेळ लागतो? आमच्याकडे नेट यथातथाच आहे.

खटपट्या
वर जायचा वेग २० एमबीपीएस असेल तर अखंड चालू ठेवून पावणेतीन ते तीन दिवस. प्रत्यक्षात आठवडा धरा. आधी ओव्या आणि मोडी पत्रं चढवा, प्रगतिपुस्तकं शेवटी.

मृदुला_क
प्रगतिपुस्तकं हार्ड डिस्कवरही नकोत. आठवीचं तर अजिबात नको.